जिंकलेला डाव आणि बारीक अक्षरे

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या जुन्या शास्त्रकारांनी आणखी एक नाव दिले आहे: द्यूतप्रतिपदा. या दिवशी पार्वतीने शंकरांना द्यूतात हरवले अशी पुराणकथा आहे, आणि तिच्या आधाराने एरवी पत्त्यांना हात न लावणाऱ्या सोवळ्या घरांतही या एका दिवशी कवड्या बाहेर निघत. खेळ पैशा-दोन पैशांचा. पण भांडणे व्हायची ती होतच. कवडी भिंतीला टेकून तिरपी उभी राहिली तर दान धरायचे की नाही, यावर घर दुभंगे. मग कोणीतरी वडीलधारे माणूस निकाल देई आणि फराळाचे ताट पुढे आले की वाद मिटे. जेथे असा वडीलधारा नसतो, आणि डाव मांडणारा व निकाल देणारा एकच असतो, तेथे काय होते याची हकिकत मोठी मनोरंजक आहे.

द्यूताच्या अटींवरचा सर्वांत प्रसिद्ध वाद आपल्याच महाभारतात आहे. द्रौपदीने बोलावू आलेल्या दूताला आल्या पावली परत पाठविले ते एक प्रश्न देऊन: युधिष्ठिर आधी कोणाला हरले, स्वतःला की मला? स्वतःला हरलेल्या माणसाजवळ पणाला लावायला दुसरे काय उरते? प्रश्न निव्वळ कायद्याचा होता. धर्माची गती सूक्ष्म आहे, असे म्हणून भीष्मांनी हात टेकले; विकर्ण तेवढा धीटपणे बोलला. सभेत निकाल देण्याजोगे जाणते पुष्कळ होते, पण ते बहुतेक यजमानाच्या घरचे होते.

मनूला द्यूत राज्यातच नको होते. याज्ञवल्क्य अधिक व्यवहारी. त्याने सभिकाला, म्हणजे अड्डा चालविणाऱ्याला, राजाचे संरक्षण दिले आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच किंवा दहा घेण्याची मुभा दिली. पण जिंकणाऱ्याच्या पदरात त्याचे पैसे टाकण्याचे ओझेही त्याच्याच माथी ठेवले. शिवाय जेथे राजाचा भाग पोचलेला आहे आणि खेळ सभिकासमक्ष उघडपणे झाला आहे, तेथे जिंकलेली रक्कम राजाने वसूल करून द्यावी, एरवी नाही, असेही सांगून टाकले. कर घ्यायचा तर न्यायही द्यायचा, असा हा रोखठोक हिशेब.

इंग्रजांनी नेमके उलटे केले. 1845 च्या कायद्याने त्यांनी ठरविले की पैजेत जिंकलेल्या पैशासाठी कोणी कोर्टाची पायरी चढू नये. सभ्य गृहस्थ आपले देणे अब्रूखातर फेडतील, आणि असभ्यांशी कोर्टाला कर्तव्य नाही! हा कायदा हिंदुस्थानास लागू नव्हता, आणि त्याचा फायदा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी घेतला. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला सरासरी काय भाव येईल, यावर येथे पैजा लागत. असा एक दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1848 मध्ये न्यायाधीशांना नाखुशीनेच म्हणावे लागले की हिंदुस्थानात पैज कोर्टात चालते. सरकारने त्याच वर्षी 21 वा कायदा करून ते दार लावून घेतले.

इंग्लंडात मात्र दीडशेहून अधिक वर्षांनी दार उघडले. 2005 चा जुगारविषयक कायदा सप्टेंबर 2007 मध्ये अमलात आला आणि परवाना असलेल्या अड्ड्याशी झालेली पैज इतर कोणत्याही करारासारखी कोर्टात उभी राहू लागली. याज्ञवल्क्याला ते पाहून हसू आले असते.

तोवर अड्ड्याला भिंतीच उरल्या नव्हत्या. अँटिग्वा या चिमुकल्या बेटाने 1994 मध्ये कायदा करून इंटरनेटवरच्या जुगाराला आसरा दिला. पुढे जिब्राल्टरही या धंद्याचे माहेरघर झाले. समोर पत्ते पिसणारा माणूस नाही, शेजारी साक्षीदार नाही. आहे तो पडदा, आणि त्यामागे कोणीही न वाचलेल्या अटींची चळत.

गिऱ्हाईक ओढण्यासाठी येथे बोनसची प्रथा पडली. शंभर पौंड भरा, आम्ही वर शंभर देतो. हा बोनस काढून घेता येतो का? येतो, पण आधी त्याच्या पन्नासपट रकमेच्या पैजा लावा. आता घरच्या मुलांना हा हिशेब घालून पाहा. रूलेच्या चाकाला, एकच शून्य धरले तर, 37 घरे असतात आणि लावलेल्या पैशांतला सरासरी सदतिसावा भाग मालकाकडे राहतो. पाच हजारांच्या पैजा म्हणजे सुमारे 135 पौंडांची सरासरी खोट. शंभर मिळवण्यासाठी एकशेपस्तीस! त्यातून कोणी नशीबवान तरलाच, तर अमुक रकमेपेक्षा मोठी पैज एकदा जरी लावली असेल तर सगळी जीत रद्द, अशी मेख कोठेतरी मारलेली असे. सर्वांत अन्यायाची गोष्ट ही की काही ठिकाणी खेळणाऱ्याचे स्वतःचे भरलेले पैसेही त्या अटीत अडकून पडत. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने चौकशी लावली, तेव्हा फेब्रुवारी 2018 मध्ये लॅडब्रोक्स, विल्यम हिल आणि पीटी एंटरटेनमेंट या तीन कंपन्यांनी ही पद्धत सोडण्याचे कबूल केले. मार्च 2025 मध्ये तेथील जुगार आयोगाने ही पट दहापेक्षा जास्त ठेवता येणार नाही असे जाहीर केले. आपल्या हिशेबात खोट 135 वरून 27 वर येते.

पण बारीक अक्षरांची खरी कसोटी लागली ती एका साध्या इंग्रज गृहस्थाच्या दाव्यात. जानेवारी 2018 मधल्या एका रात्री तो बेटफ्रेड कंपनीचा ब्लॅकजॅकच्या जातीचा एक खेळ मोबाइलवर खेळत बसला. काही तासांत पडद्यावर 17 लाख 22 हजार 500 पौंडांची जीत दिसू लागली. आनंदोत्सव झाला, पैसे मात्र हाती येईनात. काही दिवसांनी निरोप आला तो असा, की खेळाच्या यंत्रणेत दोष होता, म्हणून जीत खरी नव्हे. सद्भावनेदाखल 30 हजार पौंड घ्या आणि वाच्यता करू नका, असे सांगण्यात आले. पुढे आकडा 60 हजारांवर गेला. गृहस्थ बधला नाही.

कंपनीचा आधार होता यंत्रदोष झाल्यास सर्व डाव रद्द या आशयाच्या कलमांचा. ती तीन वेगवेगळ्या दस्तऐवजांत विखुरलेली होती आणि खेळणाऱ्याने ‘मान्य’ या चौकटीवर बोट ठेवले म्हणजे ती त्याला बांधतात असे तिचे म्हणणे. एप्रिल 2021 मध्ये न्यायमूर्ती फॉस्टर यांनी पुरी सुनावणीही लागू न देता दावा खेळणाऱ्याच्या बाजूने निकालात काढला. कलमांचे शब्द या प्रकाराला लागूच पडत नाहीत, आणि पडले असते तरी दाट मजकुराच्या जंगलात पुरलेली अट गिऱ्हाइकाच्या नजरेस आणून दिली असे म्हणता येत नाही, असा त्यांचा आशय होता. मला यातले एक फार पटते: यंत्र बिघडून खेळणारा हरत असता, तर त्याला ते कधी कळलेच नसते.

मार्च 2025 मध्ये असाच आणखी एक निकाल लागला. पॅडी पॉवरच्या पडद्याने एका बाईंना दहा लाखांहून अधिक पौंडांचे थोरले बक्षीस दाखविले आणि हातावर सुमारे 20 हजार ठेवले. पडदा चुकला, आमच्या नोंदी खरे बोलतात, ही कंपनीची सबब न्यायमूर्ती रिची यांनी मानली नाही.

खेळणाराच नेहमी भोळा असतो असे मात्र समजू नये. फिल आयव्ही या नामांकित जुगाऱ्याने 2012 मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये 77 लाख पौंड जिंकले ते पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला सूक्ष्म फरक हेरून, आणि पत्ते वाटणारीकडून ते आपल्या सोयीने फिरवून घेऊन. 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक ठरविली.

आणि आपल्याकडे? 1872 च्या करार कायद्याचे कलम 30 पैजेचा करार निरर्थक ठरविते. मुंबई इलाख्याने तर त्याच्याही आधी, 1865 मध्ये, अशा पैजेला पूरक ठरणारे व्यवहारही कोर्टाबाहेर काढले होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. तेव्हा परदेशी बेटावरच्या एखाद्या अड्ड्याने पुण्या-नागपूरच्या खेळणाऱ्याची जीत बोनसच्या अटीवर बोट ठेवून गिळली, तर त्याला दाद मागायला येथले कोर्ट नाही, आणि त्या बेटावरची भाषा बोलणारा वकील त्या जितीहून महाग पडतो.