रिंगणातले ‘इंडियन’

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घालायची मला सवय आहे. मी ना इतिहासाचा पदवीधर, ना प्राध्यापक. वडवणीत बसून मिळेल ते वाचतो. अशाच एका फाटक्या इंग्रजी ग्रंथात एकोणिसाव्या शतकातल्या एका अम्लरेखनाची छापील प्रत सापडली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यावर रेघा ओढायच्या आणि उघड्या पडलेल्या रेघा तेजाबाला खाऊ द्यायच्या, अशी ही चित्रपद्धत. चित्रात गोल रिंगण आहे. मधोमध उधळलेली घोडागाडी, तिच्यामागे पिसांचे शिरोभूषण घातलेले स्वार, कडेला माणसांची दाटी. खाली नाव ‘बफेलो बिल’ याच्या फिरत्या खेळाचे.

विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल याने हा खेळ 1883 मध्ये ओमाहा येथे सुरू केला. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरची चकमक तिकीट लावून दाखवायची, हा त्याचा धंदा. 1887 मध्ये तो लंडनला गेला. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला त्या साली पन्नास वर्षे होत होती. राणीने 11 मे रोजी हा खेळ पाहिला.

मला अडवले ते त्या पिसेवाल्या स्वारांनी. चित्रकाराने घोड्यांच्या आयाळी केस न केस काढल्या आहेत, स्वारांचे चेहरे मात्र दोन-दोन रेघांत उरकले आहेत. ही माणसे सोंगाडी नव्हती. लाकोटांचा पुढारी सिटिंग बुल 1885 चा हंगाम याच खेळात होता. आठवड्याला 50 डॉलर पगार, शिवाय स्वतःची छायाचित्रे विकायचा हक्क त्याने करारात लिहून घेतला होता. पक्का माणूस! डिसेंबर 1890 मध्ये त्याला अटक करायला आलेल्या पोलिसांच्या गोळीने तो मेला. दोनच आठवड्यांनी वुंडेड नी येथे त्याच्या लोकांची कत्तल झाली. त्या धामधुमीत पकडलेल्या काही कैद्यांना सरकारने 1891 मध्ये कोडीच्या हवाली केले, आणि तो त्यांना युरोपात घेऊन गेला.

याहून बोचरी गोष्ट 1883 ची आहे. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने राखीव वस्त्यांवर सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरवले. म्हणजे घरी नाचला तर शिक्षा आणि रिंगणात नाचला तर पगार. त्या दशकात अमेरिकेत राहून आलेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 च्या आपल्या पुस्तकात तिथल्या मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाची दखल घेतली आहे. ‘इंडियन’ हे नाव दोन्हीकडे एकच, हे त्यांना जाणवले असणारच.

आपल्याकडचे रिंगण याच्या तीन वर्षे आधीचे. चिआरिनी या इटालियनाची सर्कस मुंबईत आली होती. हिंदी माणसाला असली घोडेस्वारी जमायची नाही, असे तो म्हणाल्याची कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये स्वतःची सर्कस उभी केली हे खरे. कुरुंदवाड संस्थानच्या पागेत घोडे फिरवणारा हा माणूस. गाण्याचा नाद एवढा, की हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांना त्यांनी सर्कशीबरोबर सांभाळले. पुढे तेलिचेरीच्या कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि केरळात कसरतपटू घडू लागले. विष्णुपंतांच्या कर्तबगारीबद्दल मला शंका नाही.

पण दुसरी नोंदही शेजारी ठेवावी लागते. 1871 च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात झाली. पुढे आपल्या भागातल्या पारधी, कैकाडी, टकारी अशा कितीतरी जमातींची नावे पोलिसांच्या वहीत गेली. हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापूरला तर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. लोक तिला अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. तंबू घेऊन रेल्वेने हिंडणारी सर्कस म्हणजे देशाचा अभिमान, आणि पालं घेऊन गाढवावर हिंडणारी बिऱ्हाडे संशयित. हिंडणे दोघांचेही तेच. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. शिक्का गेला असे पारधी वस्तीवर जाऊन कुणी म्हणून दाखवावे.

आमच्या आठवडी बाजारात लहानपणी डोंबाऱ्याचा खेळ यायचा. बांबूच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेला दोर, त्यावर माझ्याच वयाची मुलगी, खाली ढोलकी. खेळ संपला की ती थाळी घेऊन फिरायची आणि तेवढ्यात मोठी माणसे पांगायची. एकदा माझ्या हातात पाच पैसे होते. ते मी टाकले नाहीत, गोडीशेव घेतली.

तिचा चेहरा आठवायला गेलो तर मलाही दोनच रेघा सापडतात. बाजारातल्या बैलांची शिंगे मात्र लख्ख आठवतात.