रॉबी कोल्ट्रेन ‘गंभीर’ कधी झाला?

रॉबी कोल्ट्रेनबद्दल लिहिणाऱ्यांचा एक ठरलेला पाठ आहे. ऐंशीच्या दशकात हा धिप्पाड स्कॉटिश गडी ब्रिटिश टीव्हीवर लोकांना हसवत होता. १९९३ मध्ये ‘क्रॅकर’ ही मालिका आली, त्याने मानसशास्त्रज्ञ फिट्झ उभा केला, आणि विनोदवीराचा ‘खरा’ नट झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो वारला तेव्हाही हाच पाठ पुन्हा म्हटला गेला. वरवर पाहता पुरावा भक्कम आहे. १९९४, १९९५ आणि १९९६ अशी लागोपाठ तीन वर्षे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा बाफ्टा त्याला फिट्झसाठी मिळाला; त्याआधी एकही नव्हता. तरीही हे म्हणणे चुकीचे आहे, आणि तपशिलात नव्हे, मुळातच.

आधी सनावळी पाहू. रदरग्लेनच्या एका डॉक्टरांचा हा मुलगा, मूळ नाव अँथनी रॉबर्ट मॅकमिलन. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकला आणि पुढे जॅझवादक जॉन कोल्ट्रेनचे आडनाव उचलून नट झाला. १९७८ मध्ये एडिनबरोच्या ट्रॅव्हर्स थिएटरात जॉन बर्नचे ‘द स्लॅब बॉइज’ आले, त्यात तो होता. गालिच्याच्या कारखान्यात रंग खलणारी पोरे, दिवसभर एकमेकांची टवाळी, आणि त्यातल्याच एकाची आई वेड्यांच्या इस्पितळात. हे विनोदी नाटक की गंभीर? स्कॉटिश रंगभूमीला हा प्रश्न फारसा पडतच नसे. १९७३ मध्ये ‘७:८४’ या नाटकमंडळीने हायलँडमधल्या कुळांना हुसकावून लावल्याचा इतिहास गाणी, सोंगे आणि गावजलशाच्या घाटात मांडला होता. रिकी फुल्टनसारखा घराघरांतला विदूषक ‘गॉर्की पार्क’मध्ये (१९८३) केजीबीचा थंड डोक्याचा अधिकारी होऊन गेला. कोल्ट्रेन या मातीतला होता. विनोद आणि नाटक यांच्यात भिंत घातली ती पुरस्कार देणाऱ्यांनी आणि कार्यक्रमांची वर्गवारी करणाऱ्यांनी.

यावर कोणी म्हणेल, रंगभूमीचे सोडा. टीव्हीवर तो विनोदीच होता ना? ‘अल्फ्रेस्को’, ‘ब्लॅकॲडर’मधला डॉ. जॉन्सन वगैरे? होता. पण ज्या १९८७ सालात त्याने तो जॉन्सन केला, त्याच साली बीबीसी स्कॉटलंडवर बर्ननेच लिहिलेली ‘टुटी फ्रुटी’ आली. थकल्या-भागल्या रॉक बँडचा गायक अपघातात मरतो आणि त्याच्या जागी धाकटा भाऊ डॅनी उभा राहतो. दोन्ही भाऊ कोल्ट्रेनच. सहाही भाग हसवतात, आणि त्याच हसण्यातून मारहाण सोसलेली बायको, म्हातारपणाची भीती आणि शेवटी भर रंगमंचावर स्वतःला पेटवून घेणारा गिटारवादक इथपर्यंत नेऊन सोडतात. बाफ्टाने या मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरवले आणि कोल्ट्रेनला अभिनेत्याचे नामांकन दिले. म्हणजे ‘वळण’ येण्याच्या सहा वर्षे आधीच हा विनोदवीर नाट्यमालिकेचा नायक होता. मग लोक हे विसरले कसे? कारण अगदी व्यावहारिक आहे. मालिका वर्षानुवर्षे पुन्हा दाखवली गेली नाही. डीव्हीडी निघाली ती थेट २००९ मध्ये. मधला पुरावाच कपाटात बंद राहिला, तर १९९३ ही सुरुवात वाटणारच.

आता ‘क्रॅकर’. पूर्वपक्षाचे सगळे बळ इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू. पहिल्या भागात फिट्झ व्याख्यान द्यायला उभा राहतो. समोर वर्ग भरलेला. तो एकेक थोर विचारवंताचे नाव घेतो आणि त्याचे पुस्तक सरळ वर्गात भिरकावतो. नाव, फेक, नाव, फेक. विद्यार्थी आधी चपापतात, मग त्यांना गंमत वाटू लागते. लय नेमकी विनोदी नटाची आहे. आणि पोरे सैल पडली की तो त्यांना सांगतो की पुस्तके राहू द्या, खोलीत कोंडून घ्या आणि स्वतःच्या मनात काय दडले आहे ते बघा. पुढे चौकशीच्या खोलीत तो हेच करतो. संशयितासमोर कोटी करतो, स्वतःच्या जाडीवर, दारूवर, जुगारावर बोलतो. समोरचा बेसावध झाला की सुरी फिरते. जिमी मॅकगव्हर्नच्या लेखणीला श्रेय आहेच, पण वाक्य किती क्षण हवेत ठेवायचे हे लेखणीत नसते. ते कोल्ट्रेन वर्षानुवर्षे हशे घेत शिकला होता. विनोद टाकून देऊन फिट्झ उभा राहिलेला नाही. विनोद काढला तर फिट्झ उरतच नाही.

‘नन्स ऑन द रन’ (१९९०) आणि ‘द पोप मस्ट डाय’ (१९९१) हे चित्रपट सुमार आहेत, हे मान्य. त्यांच्या शेजारी ठेवले की ‘क्रॅकर’ उंच उडी वाटते. पण त्याआधीच, १९८९ मध्ये, केनेथ ब्रॅनाच्या ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये तो फॉलस्टाफ होता. शेक्सपिअरच्या या नाटकात फॉलस्टाफ रंगमंचावर येतच नाही. ब्रॅनाने त्याला आधीच्या नाटकांतून आणून आठवणींत बसवले. राजपुत्र आपल्या लठ्ठ मित्राला एक दिवस दूर करणार, हे त्या थोडक्या मिनिटांत कोल्ट्रेनच्या चेहऱ्यावरचे हसू मावळताना आधीच कळते.

उरली २०१६ ची ‘नॅशनल ट्रेझर’ ही मालिका. जोडीने विनोद करून लोकांचा लाडका झालेला, आणि आता म्हातारपणी बलात्काराचा आरोप झालेला पॉल फिंचली. प्रेक्षकांनी कोल्ट्रेनवर आधी माया केलेली होती (तोवर त्यांची मुले त्याच्या ‘हॅरी पॉटर’मधल्या हॅग्रिडवर करत होती), म्हणून त्याच्या प्रत्येक मिश्किल हास्याचा आता संशय येतो. विनोदाचा वारसा नसलेल्या नटाला ही भूमिका कितीही तयारीने पेलली नसती.

‘विनोदातून वर आला’ असे म्हणणे म्हणजे विनोदाला पायरी आणि नाटकाला गाभारा मानणे आहे. कोल्ट्रेनबाबत ते खोटे आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी ‘टुटी फ्रुटी’ आधी पाहावी, मग ‘क्रॅकर’चा पहिला भाग, आणि दोन्हींत विनोद नेमका कुठे संपतो ते दाखवून द्यावे.