राजुऱ्याच्या खाणींवरचं हिरवेपण कशाशी मोजायचं?

नामपल्लीपासून हाकेच्या अंतरावर, रेड हिल्सला सिंगरेणी भवन आहे. म्हणूनच की काय, कोळशाचा विषय निघाला की आपल्या मंडळात येल्लंदू आणि कोत्तागुडेमपलीकडे कुणी जात नाही. संस्थानाचा मराठी बोलणारा एक कोपरा राहूनच जातो, तो म्हणजे राजुरा. हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याकडे गेला.

तिथे सास्ती, पौनी भागात आज वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. कोळशावरचा दगड-माती उपसून त्याचे डोंगर रचतात. खाणवाले त्याला नुसतं ‘ओबी’ म्हणतात. त्यावर झाडं लावायची आणि पुढे उपग्रहाच्या चित्रावरून हिरवळ किती वाढली ते पाहायचं, अशी पद्धत आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त परत फेकतं. या दोन्हींच्या फरकाला बेरजेनं भागलं की हिरवेपणाचा आकडा मिळतो. हिशोब चोख आहे, पण तो पानांचा, रानाचा नव्हे. चांद्याकडचं मूळ रान साग, ऐन, तेंदू, मोह, धावड्याचं. साग तर उन्हाळ्यात पार उघडा पडतो. निलगिरी मात्र एप्रिलातही हिरवीच. म्हणजे भर उन्हाळ्याच्या चित्रात जे सगळ्यात हिरवं दिसतं, ते मूळ रानापासून सगळ्यात लांबचं असू शकतं!

म्हणून खाली उतरून पाहावं लागतं. न लावलेली रोपं आपोआप उगवताहेत का, पाचोळा कुजतोय का, मातीत सेंद्रिय कर्ब चढतोय का? नागपूरच्या नीरीनं गुमगावच्या मँगनीज खाणीवर साखर कारखान्याचं प्रेसमड, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी वापरून आधी माती घडवली, मग झाडं. मला हाच क्रम पटतो.

तरी तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतोच. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची. त्याआधीचं सगळं कागदावर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीटवर कुठे दाट मिश्र जंगल, कुठे खुरटी झुडपं, ते लिहिलेलं असतं. आणि १९५४-५५ ची खासरा पाहणी! सर्व्हे नंबरवार जमीन कुणाची, कसतं कोण, याची ती नोंद. राजुरा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता.

ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवली की कळतं, की ओबीखाली गेलेली सगळीच जमीन जंगल नव्हती. बरीचशी कापूस-ज्वारीची काळी होती. तिथे साग जगला म्हणून ‘पूर्ववत’ लिहायचं कसं? ज्याचं शेत गेलं त्याच्या लेखी पूर्ववत म्हणजे नांगर चालणारी जमीन. संस्थानाचं दफ्तर तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे, आपल्याला शहरातल्या शहरात जाता येतं. सास्तीपासून सुरुवात करावी, गावागणिक एक शीट आणि एक पाहणीपत्रक.