क्यूबाची कोंडी आणि तेथील ख्रिस्तसभा

१९६९ सालच्या एप्रिल महिन्यात क्यूबा देशातील कॅथलिक बिशपांनी आपल्या भाविकांस उद्देशून एक पाळकीय पत्र काढले. देशाचा विकास आणि त्यातील ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य हा त्या पत्राचा मुख्य विषय होता. परंतु सर्वांचे लक्ष वेधून घेतले ते व्यापारबंदीविषयीच्या मजकुराने. अमेरिकेने क्यूबावर लादलेली ही बंदी अन्यायाची आहे व तिच्यामुळे जनतेच्या हालांत नाहक भर पडत आहे, असे बिशपांनी स्पष्ट म्हटले होते. कित्येक भाविकांना हे रुचले नाही. ज्या राजवटीने आपल्या शाळा घेतल्या आणि आपले धर्मगुरू देशाबाहेर घालविले, तिच्या सोयीचे बोल आपल्याच बिशपांनी का बोलावेत, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल आजही विचारण्याजोगा आहे. कारण अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी ती बंदी उठलेली नाही.

भाविकांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. १ जानेवारी १९५९ रोजी हुकूमशहा बातिस्ता देश सोडून पळाला आणि फिडेल कास्त्रो यांच्या हाती सत्ता आली. कास्त्रो स्वतः येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेले. तरीही दोन वर्षांतच राजवटीने साम्यवादाची कास धरली. १९६१ साली सर्व खाजगी शाळा सरकारजमा झाल्या आणि त्यांत कॅथलिक शाळाही गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ‘कोवादोंगा’ नावाच्या जहाजावर सुमारे १३० धर्मगुरू आणि एक बिशप यांना चढवून देशाबाहेर धाडण्यात आले. पुढे १९६५ ते १९६८ या काळात राजवटीला नकोशा वाटणाऱ्या हजारो माणसांना सक्तमजुरीच्या छावण्यांत डांबण्यात आले. त्यांत १९६४ साली गुरुदीक्षा मिळालेला एक तरुण धर्मगुरूही होता. त्यांचे नाव हाइमे ओर्तेगा. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता बंदीच्या जन्माकडे वळू. क्यूबा आणि अमेरिकेचा फ्लोरिडा प्रांत यांत अवघ्या ९० मैलांचा समुद्र आहे. क्रांतीपूर्वी क्यूबाची बहुतेक साखर अमेरिका विकत घेई आणि क्यूबाच्या बाजारातील यंत्रे, मोटारी, औषधे, धान्य हे सारे अमेरिकेहून येई. उसाची मोठी शेते, वीज आणि टेलिफोन कंपन्या, तेलशुद्धीकरणाचे कारखाने यांत अमेरिकन भांडवल होते. १९६० साली या कारखान्यांनी रशियन तेल शुद्ध करण्यास नकार दिला, तेव्हा कास्त्रोंनी ते ताब्यात घेतले. अमेरिकेने साखरेच्या खरेदीला कात्री लावली. क्यूबाने उरलेली अमेरिकन मालमत्ता जप्त केली. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेने अन्न व औषधे वगळून सारी निर्यात थांबविली. घाव आणि प्रतिघाव अशा चढत्या क्रमाने अखेर फेब्रुवारी १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी संपूर्ण व्यापारबंदीच्या फर्मानावर सही केली. त्यांचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी केनेडींनी त्यांना आपल्या आवडीचे क्यूबन चिरूट जमवावयास सांगितले होते. १२०० चिरूट मिळाल्याचे कळल्यावर मगच सही झाली! ही गोष्ट गमतीची खरी, पण बंदीचा स्वभाव तीत उघडा पडतो. ती घालणाऱ्याला तिची झळ लागत नाही.

मग झळ कोणाला लागावी अशी अपेक्षा होती? याचे उत्तर अमेरिकेच्याच कागदपत्रांत आहे. एप्रिल १९६० मध्ये परराष्ट्र खात्यातील लेस्टर मॅलरी या अधिकाऱ्याने एक टिपण लिहिले. बहुसंख्य क्यूबन जनता कास्त्रोंच्या बाजूने आहे हे त्याने प्रथम मान्य केले. म्हणून पैसा आणि माल यांचा पुरवठा तोडावा, वेतने घटवावीत, भूक आणि निराशा निर्माण करावी, म्हणजे लोकच सरकार उलथून टाकतील, असा त्याचा हिशेब होता. हे टिपण पुढे अमेरिकन सरकारनेच प्रसिद्ध केले. भूक हा या धोरणाचा आनुषंगिक परिणाम नव्हता. ते त्याचे साधनच होते.

हिशेब मात्र चुकला. मार्च १९६२ मध्ये क्यूबात शिधापुस्तिका आली आणि ती कायमची झाली. सरकार काही पडले नाही. अमेरिकेची जागा सोव्हिएत रशियाने घेतली. रशिया चढ्या भावाने साखर घेई व स्वस्तात तेल देई. शेजाऱ्याला आपल्या वैऱ्याच्या दारात लोटण्याचे काम बंदीने केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात क्यूबातील रशियन क्षेपणास्त्रांमुळे जग अणुयुद्धाच्या काठावर जाऊन उभे राहिले. पोप जॉन तेविसावे यांनी तेव्हा नभोवाणीवरून उभय पक्षांना शांततेचे कळकळीचे आवाहन केले होते.

खरी परवड झाली ती १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर. तेल आटले, गिरण्या थंडावल्या, शेतात ट्रॅक्टरच्या जागी पुन्हा बैल आले आणि हवानाच्या रस्त्यांवर बसगाड्यांऐवजी चिनी सायकली धावू लागल्या. १९९२-९३ साली तर डोळ्यांचा व मज्जातंतूंचा एक विकार साथीसारखा पसरला आणि ५० हजारांहून अधिक माणसे त्याने ग्रासली. आहारातील जीवनसत्त्वांचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. नेमक्या याच वेळी अमेरिकेने फास आणखी आवळला. १९९२ च्या कायद्याने अमेरिकन कंपन्यांच्या परदेशांतील शाखांनाही क्यूबाशी व्यापार करण्यास मनाई केली आणि व्यापारासाठी क्यूबाच्या बंदरात गेलेल्या जहाजाला पुढील १८० दिवस अमेरिकन बंदरात माल चढविण्या-उतरविण्यास बंदी घातली. साहजिकच जहाजमालक क्यूबाकडे जाण्यास कचरू लागले आणि आलेल्या मालाचे वाहतूकभाडे वाढले. फेब्रुवारी १९९६ मध्ये क्यूबाच्या लढाऊ विमानांनी मायामीहून आलेली दोन लहान नागरी विमाने पाडली; चौघे ठार झाले. त्या संतापाच्या भरात ‘हेल्म्स-बर्टन’ कायदा मंजूर झाला. तेव्हापासून ही बंदी पूर्णपणे उठविण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती राहिला नाही. त्यासाठी काँग्रेसची संमती लागते.

बंदीच्या समर्थकांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. ज्यांची घरे, शेते, कारखाने हिरावले गेले त्यांना भरपाई मिळालेली नाही. अमेरिकन नागरिकांचे व कंपन्यांचे सुमारे ६ हजार दावे अमेरिकेतील आयोगाने मान्य केले असून त्यांची मूळ रक्कमच सुमारे १९० कोटी डॉलर आहे. क्यूबात विरोधी पक्षाला वाव नाही, मतभेदाला तुरुंग आहे. जुलै २०२१ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या शेकडो नागरिकांना कैदेची शिक्षा झाली. हॉटेले आणि दुकाने लष्कराच्या उद्योगसमूहाच्या ताब्यात असल्याने व्यापार वाढला तर पैसा तेथेच जाईल, असेही ते म्हणतात. शिवाय क्यूबाच्या दारिद्र्याला तेथील सरकारचा अव्यवहारी कारभारही जबाबदार आहे. यांतील एकही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. शेतकऱ्याला आपला माल मोकळेपणाने विकू न देण्याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला नव्हता, तो हवानातच झाला होता.

परंतु प्रश्न असा आहे की, यांपैकी कोणते दुखणे बंदीने बरे केले? मालमत्तेचा प्रश्न घ्या. स्पेन, फ्रान्स, कॅनडा, स्वित्झर्लंड यांच्या नागरिकांचीही मालमत्ता क्यूबाने घेतली होती. त्या देशांनी वाटाघाटी करून ठरावीक रकमेवर तडजोड केली. अमेरिकेचे दावे मात्र तसेच पडून राहिले. कैद्यांचा प्रश्न घ्या. मार्च २००३ मध्ये ७५ विरोधकांना पकडून दीर्घ मुदतीच्या शिक्षा ठोठावण्यात आल्या. त्यांच्या पत्नी व माता पांढरी वस्त्रे नेसून हवानातील संत रिटाच्या चर्चमध्ये मिस्साला येत आणि मिस्सा संपल्यावर रस्त्याने शांतपणे चालत जात. २०१० साली त्यांना दमदाटी होऊ लागली, तेव्हा हवानाच्या कार्डिनलांनी राष्ट्राध्यक्ष राऊल कास्त्रो यांना गाठून बोलणी आरंभिली. परिणामी त्या ७५ पैकी अद्याप तुरुंगात असलेले सारे २०११ पर्यंत सुटले. कित्येकांना सुटकेसाठी देशत्याग करावा लागला, हे या यशाला लागलेले गालबोट होय. तरी बंदीला जमले नाही ते संवादाने साधले. ते कार्डिनल म्हणजेच एके काळी छावणीत डांबले गेलेले हाइमे ओर्तेगा.

ख्रिस्तसभेची भूमिका या काळात बदलली नाही. १९६९ च्या पत्राबद्दल राजवटीने तिला काही बक्षीस दिले असेही नाही; उलट त्याच वर्षी उसाच्या हंगामाचे निमित्त करून नाताळची सुट्टी रद्द झाली. १९९३ साली बिशपांनी दुसरे पाळकीय पत्र काढून देशात सर्वांशी संवाद व्हावा, मतभिन्नतेला जागा असावी, असे सरकारला सुनावले आणि सरकारी वृत्तपत्रांचा रोष ओढवून घेतला. जानेवारी १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे क्यूबात गेले. पोलंडमध्ये साम्यवादी राजवट अनुभवलेले हे परमगुरू साम्यवादाचे मित्र खासच नव्हते. त्यांनी कैद्यांच्या सुटकेची मागणी केली, श्रद्धेच्या स्वातंत्र्याची मागणी केली आणि बाहेरून लादलेले आर्थिक निर्बंध नीतीला धरून नाहीत असेही स्पष्ट सांगितले. त्यांच्या भेटीच्या निमित्ताने नाताळची सुट्टी परत आली. २००४ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या सामाजिक शिकवणीच्या सारग्रंथात या भूमिकेला तत्त्वाचे रूप मिळाले. आर्थिक बंदी मर्यादित मुदतीचीच असावी आणि दोषी व निर्दोष असा भेद न करता ती सर्वांना पोळत असेल तर तिचे समर्थन होऊ शकत नाही, अशी ती शिकवण आहे. मर्यादित मुदत म्हणजे किती, याची चर्चा करता येईल. पण साठाहून अधिक वर्षे ही मर्यादित मुदत खचित नव्हे.

ऑगस्ट २०१४ मध्ये कार्डिनल ओर्तेगा वॉशिंग्टनला गेले. पोप फ्रान्सिस यांनी लिहिलेले पत्र त्यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हाती दिले. तसेच पत्र राऊल कास्त्रो यांनाही पोचले होते. उभय देशांचे प्रतिनिधी व्हॅटिकनमध्ये भेटले आणि १७ डिसेंबर २०१४ रोजी, पोप फ्रान्सिस यांच्या वाढदिवशी, संबंध पूर्ववत करण्याची घोषणा झाली. २०१५ साली वकिलाती उघडल्या. मूळ बंदी कायद्याने बांधलेली असल्याने ती राहिली. तरी प्रवास व पैसे पाठविणे सुलभ झाले आणि लोकांनी लहान खाणावळी, दुकाने थाटली. हा कालखंड अल्पायुषी ठरला. २०१७ पासून निर्बंध पुन्हा कडक झाले. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या मध्यस्थीने क्यूबाने ५५३ कैदी सोडण्याचे मान्य केले व अमेरिकेने क्यूबाला दहशतवादास साहाय्य करणाऱ्या देशांच्या यादीतून वगळले. परंतु आठवडा उलटण्यापूर्वीच सत्तांतर होऊन तो निर्णय फिरविला गेला. दरम्यान २०२१ नंतरच्या अवघ्या दोन वर्षांत देशाची लोकसंख्या १० लाखांहून अधिक घटली, ती मुख्यतः तरुण पिढी देश सोडून गेल्यामुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वीजयंत्रणा कोसळून अख्खा देश अंधारात बुडाला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून जवळजवळ दरवर्षी ही बंदी उठविण्याचा ठराव येतो. पहिल्या वर्षी त्याच्या बाजूने ५९ मते होती, २०१६ साली १९१. भारताने या ठरावाला सातत्याने पाठिंबा दिला आहे आणि १९९२ च्या टंचाईत आपल्या देशातून १० हजार टन गहू क्यूबाला धाडला गेला होता. खुद्द अमेरिकेनेही २००० साली आपल्या शेतकऱ्यांच्या हितासाठी रोख रकमेवर धान्य विकण्याची मुभा दिली; तेव्हापासून अमेरिकन कोंबड्या क्यूबाच्या पानात पडतात. स्वतःच्या लाभासाठी जी बंदी वाकते, ती दुसऱ्याच्या भुकेसाठी का वाकू नये?

आता त्या जुन्या सवालाकडे परत येऊ. बिशपांनी राजवटीच्या सोयीचे बोल का बोलावेत? आमच्या मते ते बोल राजवटीच्या सोयीचे नव्हतेच. राजवटीची सोय बंदीत होती. प्रत्येक रिकाम्या दुकानाचे खापर फोडावयास तिला शेजाऱ्याचे डोके आयते मिळत होते. बंदी उठली तर ती सबब संपेल आणि राज्यकर्त्यांना आपल्या जनतेपुढे उघड्या हाताने उभे राहावे लागेल. बिशप बोलले ते शिध्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी. त्या रांगेत त्यांचे विरोधकही होते आणि त्यांचे भाविकही. आपल्यावर झालेल्या अन्यायाची भरपाई दुसऱ्याच्या लेकरांच्या उपासमारीने होत नाही, हे ज्यांनी स्वतः अन्याय सोसला त्यांनीच सांगितले. कार्डिनल ओर्तेगा जुलै २०१९ मध्ये प्रभुचरणी गेले. छावणीची कटुता त्यांनी मनात धरली असती, तर ते पत्र वॉशिंग्टनला पोचविण्यास दुसरा कोणी शोधावा लागला असता.