कांद्यात हिरवं कुठंय?

विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते म्हणून पाचवीच्या हुशार मुलांच्या गटाचा तास माझ्याकडे आला. मी मूळचा भाषेचा शिक्षक. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला आणि एकेकाला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. फळ्यावर पुस्तकातला तक्ता होता: वनस्पती पेशीत पेशीभित्तिका आणि हरितलवक असतात, प्राणी पेशीत नसतात. एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, विटा दिसतात. पण हिरवं कुठंय?"

तक्ता चुकीचा नव्हता, अपुरा होता. कांदा जमिनीत, उजेडाविना पोसतो. त्याच्या पापुद्र्यात हरितलवक नसतात. ते त्याच्या हिरव्या पातीत असतात. हे मलाही घरी जाऊन वाचावं लागलं. वाचता वाचता लक्षात आलं की पेशीचा सगळा इतिहास अशाच प्रश्नांवर पुढे सरकला आहे.

1665 मध्ये लंडनच्या रॉबर्ट हूक यांनी 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक छापलं. बुचाच्या पातळ कापात त्यांना मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांनी त्यांना 'सेल' म्हटलं. प्रत्यक्षात त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. आपण उर्दूत पेशीला 'ख़लिया' म्हणतो. हा शब्द अरबीतला, आणि अरबीत त्याचा एक अर्थ मधमाश्यांचं घर असाच आहे. 'सूरह नहल' पाठ असलेल्या मुलांना हे सांगितलं की पेशी वेगळी शिकवावी लागत नाही.

वनस्पतीच्या पेशीला भिंत असते म्हणून ती आधी ओळखता आली. प्राण्याच्या पेशीला तशी भिंत नाही, त्यामुळे ती शोधायची कशावरून? धागा मिळाला तो केंद्रकाचा. 1831 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशींतल्या केंद्रकाकडे लक्ष वेधलं. 1838 मध्ये श्लायडन यांनी मांडलं की वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात. तसंच केंद्रक प्राण्यांच्या ऊतींत पाहून 1839 मध्ये श्वान म्हणाले, प्राणीही पेशींचेच. हूकपासून इथवर यायला 174 वर्षं लागली. आपण तक्त्यात फरक पाठ करून घेतो; माणसाला इतका वेळ लागला तो साम्य ओळखायला.

हे दोघेही एका ठिकाणी चुकले. द्रवात खडे धरावेत तशा नव्या पेशी तयार होतात, असं त्यांना वाटलं. एका पेशीच्या दोन होतात, हे रॉबर्ट रेमाक यांनी कोंबडीच्या गर्भात आणि बेडकाच्या अंड्यांत पाहून ठामपणे मांडलं. रेमाक ज्यू होते. धर्म बदलला असता तर प्रशियाच्या विद्यापीठाचं दार लवकर उघडलं असतं. त्यांनी तो बदलला नाही. 1855 मध्ये फिरशो यांनी 'प्रत्येक पेशी पेशीतूनच' हा विचार गाजवला आणि पुस्तकांत त्यांचंच नाव राहिलं. रेमाक हे नाव किती शिक्षकांना ठाऊक आहे?

हे सांगून झाल्यावर अपेक्षित प्रश्न आलाच: "सर, यात आपलं कोणीच नव्हतं?" अशा वेळी व्हॉट्सॲपवर फिरणारं उत्तर देण्याचा मोह होतो. मी तो टाळला. पेशी कुण्या मुस्लिम शास्त्रज्ञाने शोधली नाही. मात्र बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात 'किताबुल मनाज़िर' लिहिली. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो म्हणून आपल्याला दिसतं, हे त्यांनी प्रयोगांनी मांडलं. त्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद युरोपातल्या दृष्टिशास्त्राच्या अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचला. त्यांच्या आणखी एका पुस्तकाच्या नावातच 'शुकूक' आहे, म्हणजे शंका. टॉलेमीसारख्या थोर माणसाच्या ग्रंथांवर त्यांनी शंका काढल्या होत्या.

मला वाटतं, आपला वारसा सांगायचा तर तो हा. हुशार मुलाला जास्तीची नावं पाठ करायला दिली की आपण त्याला पुढे नेलं असं समजतो. त्याला खरं तर कोण कुठे चुकलं आणि ते कुणाच्या ध्यानात आलं, हे सांगायला हवं. म्हणजे पुस्तकाला प्रश्न विचारणं ही बेअदबी नाही, हे त्याला कळतं.

त्या मुलीने वहीतल्या तक्त्याखाली एक ओळ लिहिली होती: 'कांद्याच्या पापुद्र्यात हिरवं नाही.' वही तपासताना मी त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.