काटोलहून लांब पल्ल्याला: फटफटीच्या टायरचा प्रवास

काटोलहून दुचाकीवर लांब जायचे तर तीन वाटा. दक्षिणेला कोंढाळीला उतरले की नागपूर–अमरावती महामार्ग लागतो. पूर्वेला नागपूर गाठले की थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा रस्ता मिळतो. उत्तरेला नरखेड, पांढुर्णा ओलांडले की सातपुड्याची वळणे सुरू होतात. पहिली वाट शेगावची. तिसरी पचमढीची, जिथे नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून भर पावसात माणसे लोटतात. तापलेले डांबर, सरळसोट महामार्ग आणि ओला घाट असे तिन्ही प्रकार एकाच गावातून सुटणाऱ्या गाडीच्या वाट्याला येतात. या तिन्हींना एकच टायर पुरेल का, हा प्रश्न मात्र अलीकडचा. त्याआधी कित्येक वर्षे मिळेल तो टायर घालायचा आणि निघायचे, एवढेच ठाऊक होते.

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच नोंदवली होती. ती चालली नाही, कारण सायकलींचे युग यायचे होते. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले आणि पुढचा इतिहास त्याच्या नावावर जमा झाला. भारतात डनलपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला उभा राहिला. पुढे मुंबईत शिवडीला फायरस्टोनने टायर बनवायला घेतले. दुसऱ्या महायुद्धात मलाया जपानच्या हाती गेला, रबराचा मुख्य झरा आटला आणि १९४२ मध्ये टायरही रेशनवर आले. त्या काळात टायर टिकवणे हीच कला होती. घासलेल्या टायरवर पुन्हा रबर चढवायचे, फाटलेल्याला आतून कॅनव्हासचा तुकडा लावायचा. अगदीच संपला की त्याच्या चपला व्हायच्या.

स्वातंत्र्यानंतर लांब पल्ल्याची गाडी म्हणजे बुलेट. लष्कराच्या मागणीमुळे ती देशात आली आणि १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. बुलेटचा टायर ३.२५-१९ मापाचा, म्हणजे सव्वातीन इंच रुंद आणि एकोणीस इंची रिमवर बसणारा. पुढच्या टायरवर घेराभोवती सरळ धावणाऱ्या खाचा आणि मागच्यावर ठोकळ्यांची नक्षी. ही विभागणी उगाच नव्हती. पुढच्या चाकाने दिशा धरून ठेवायची, मागच्याने जोर रस्त्यात उतरवायचा. आतला सांगाडा तिरप्या धाग्यांचा, एकावर एक उलटसुलट थरांनी बांधलेला. आधी हे धागे सुती होते, मग रेयॉन आला, पुढे नायलॉन. एमआरएफने १९७३ मध्ये नायलॉनचे टायर बाजारात आणले आणि ऐंशीच्या दशकात नायलोग्रिप हे नाव दुचाकीवाल्यांच्या तोंडी बसले. नायलॉन ओझ्याला आणि खड्ड्याला दाद देत नाही. त्या काळच्या रस्त्यांवर पकडीपेक्षा याच गुणाला किंमत होती.

बुलेट सगळ्यांच्या ऐपतीतली नव्हती. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि मध्यमवर्ग स्कूटरवर बसून गावोगाव निघाला. टायरच्या हिशेबाने पाहिले तर ही अगदी उलट टोकाची गाडी. तिचे चाक दहा इंची, टायर ३.५०-१०. इतके लहान चाक खड्ड्यात पुरते उतरते, शिवाय तेवढ्याच अंतरात बुलेटच्या चाकाच्या जवळपास दीडपट फेरे मारते, म्हणून झिजतेही लवकर. तरीही माणसे स्कूटरवर बायको-मुलांना घेऊन निर्धास्त लांब जात, कारण गाडीला जादा चाक लावलेले असे. पुढचे, मागचे आणि स्टेपनीचे चाक एकाच मापाचे. चार-पाच नट सोडवायचे, चाक बदलायचे, पुढच्या गावात पंक्चर काढून घ्यायचे. मोटरसायकलवाल्याला ही सोय कधीच नव्हती. त्याच्या पिशवीत जादा ट्यूब, दोन लिव्हर आणि हातपंप असे, नाहीतर ढकलत नेण्याची तयारी असे.

लांब पल्ल्याच्या टायरची खरी परीक्षा वेगात नाही, पंक्चरमध्ये होत आली आहे. बाभळीचा काटा, बैलाच्या नालेतून निसटलेला खिळा, ट्रकच्या फळीतून पडलेली चूक, यांना कंपनीचे नाव कळत नाही. म्हणून टायरच्या धंद्याचा इतिहास लिहायचा तर कारखान्यांच्या बरोबरीने रस्त्याकाठच्या पंक्चरवाल्याचाही लिहावा लागेल. झाडाला टांगलेला जुना टायर हीच त्याच्या दुकानाची पाटी. लिव्हरने टायरची कड रिमबाहेर काढायची, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, कानशीने जागा खरवडायची, सोल्यूशन लावून वाळू द्यायचे, पॅच चिकटवून हातोडीने ठोकायचे. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा चहा होतो.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली, आणि चाके अठरा इंची, टायर सायकलशी नाते सांगतील इतके बारीक झाले. पुढे २.५०, मागे २.७५. पेट्रोल वाचले, पण दोन माणसे आणि सामान घेऊन दिवसभर पळण्यासाठी हे टायर बनवलेच नव्हते. तरी लोकांनी त्यांवरच लांबच्या यात्रा केल्या, हा भाग वेगळा.

खरा बदल पुण्याजवळच्या चाकणमध्ये झाला. तिथल्या कारखान्यातून बजाजने २००७ मध्ये पल्सरच्या मोठ्या गाड्यांना ट्यूबलेस टायर दिले. ट्यूब असलेल्या टायरला खिळा लागला की हवा काही क्षणांत जाते आणि पळती गाडी डगमगते. ट्यूबलेसमध्ये खिळा बहुधा स्वतःच भोक बुजवून बसतो आणि हवा हळूहळू उतरते. चाक न काढता बाहेरूनच चिकट दोरी सुईने आत खुपसली की पाच मिनिटांत काम होते. पण याला बहुधा ओतीव, म्हणजे अलॉयचे चाक लागते. साध्या तारांच्या चाकात प्रत्येक तारेच्या भोकातून हवा गळते. खडबडीत वाटांवर तारांचे चाक धक्का सोसते, ओतीव चाक तडकू शकते. म्हणजे एक सोय घेतली की दुसरी सोडायची. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आली ती तारांची चाके आणि ट्यूबचे टायर घेऊनच, पुढे एकवीस इंची आणि मागे सतरा. तिचे टायर सिएटचे, ग्रिप नावाचे, निम्मे डांबरासाठी आणि निम्मे मातीसाठी.

सिएट मूळची इटलीतल्या तुरिनची, १९२४ ची, आणि नावाप्रमाणे विजेच्या तारा बनवणारी. १९५८ मध्ये ती टाटांबरोबर मुंबईत आली, भांडुपला कारखाना झाला, १९८२ मध्ये गोयंका समूहाने ती घेतली. या कंपनीने दुचाकीच्या टायरसाठी नवा कारखाना काढला तो नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीत. साहागंजहून निघालेला टायर गावात कधी पोचेल याची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यातच आता टायर बनतात.

परदेशी टायरांची गोष्ट वेगळी. मिशेलिनने १९४६ मध्ये मोटारीच्या रेडियल टायरचे पेटंट घेतले, पण मोटरसायकलला रेडियल यायला ऐंशीचे दशक उजाडले. रेडियलमधले धागे आडवे, काठापासून काठापर्यंत जातात. त्यामुळे तो वेगात कमी तापतो. नंतर मधोमध कडक आणि कडांना मऊ रबर असलेले टायर आले. महामार्गावर सरळ पळून टायर मधेच झिजतो आणि चपटा होतो, त्यावर हा उपाय. मग घाटात गाडी कलली की मऊ कड कामाला येते. पांढुर्ण्यापर्यंत सरळ आणि पुढे वळणावळणाने जाणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. हे टायर आपल्याकडे बहुतांशी आयात होत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले आणि दुकानांतला हा माल विरळ झाला. देशी कंपन्यांनी ती जागा झपाट्याने भरायला घेतली. त्यात ग्राहकाचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही, कारण ज्या टायरचे माप वाटेतल्या गावी मिळत नाही, तो कितीही चांगला असला तरी लांबच्या प्रवासात गळ्यातले लोढणे ठरतो.

विदर्भात टायरची तुलना करताना उन्हाचा मुद्दा सगळ्यात वर हवा. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. डांबर त्याहून कितीतरी तापते. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, हा सल्ला हवा भरणारे सर्रास देतात आणि तो चुकीचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता होते, उष्णतेने धागे आणि रबर सुटायला लागतात. गाडीवर लिहिलेला दाब, तोही सकाळी टायर थंड असताना मोजलेला, हाच खरा. दोन माणसे आणि सामान असेल तर मागे थोडा जास्त. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानात तीन-चार वर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळतो, पण रबर वापराविनाही वाळते. मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या खाचेची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. नागद्वारच्या पावसात निघणाऱ्याने तितकी वाट पाहू नये.

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले आणि घासलेल्या टायरच्या गाड्या तपासून परत पाठवल्या जाऊ लागल्या. दुचाकीला मात्र त्या रस्त्यावर मज्जावच आहे. काटोलहून मुंबईला निघालेली बुलेट आजही कोंढाळीला उतरते आणि अमरावतीच्या जुन्याच वाटेला लागते.