लहान धर्मग्रामाचा जमाखर्च

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी संपादक मंडळाने आम्हास काही ऐतिहासिक मजकूर लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात आले की देवळाच्या पायाभरणीची हकीकत सांगावी, धर्मगुरूंची नामावळी द्यावी, आणि वाचकांची रजा घ्यावी. स्मरणपुस्तिकांत बहुधा असेच होते, व त्यात वावगे काही नाही. परंतु ज्याच्या आधारावर हे सर्व उभे असते त्या पैशाविषयी मात्र अशा पुस्तिकांत देणगीदारांच्या यादीपलीकडे एक अक्षरही सापडत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणून त्याच विषयावर लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय ज्युबिलीला अनुचित आहे असे कोणास वाटल्यास त्याने लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय उघडून पाहावा. ज्युबिली हा शब्द ज्या हिब्रू शब्दापासून आला, तो योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. दर पन्नासाव्या वर्षी ते फुंकले जाई आणि गहाण पडलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाई, विकला गेलेला मनुष्य आपल्या घरी परते. जमिनीची किंमतदेखील पुढील ज्युबिलीला किती पिके उरली यावरून ठरवावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे ज्युबिली मुळातच हिशेबाचे वर्ष होय.

संत पौलाने यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी जी वर्गणी गोळा केली, तिचा प्रकारही लक्षात ठेवण्याजोगा आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, असे त्याने करिंथकरांस लिहिले. आणि ती रक्कम पोहोचविण्यास तो एकटा निघाला नाही; मंडळ्यांनी निवडलेले बांधव त्याने बरोबर घेतले. एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणी आपल्यावर बोट ठेवू नये, हे कारण त्याने स्पष्ट शब्दांत दिले आहे. प्रेषितासारख्या प्रेषिताला साक्षीदारांची गरज वाटली, तेथे आमच्या खजिनदाराने ती वाटून घेण्यात कमीपणा कसला?

आता आमच्या बाजूकडे वळू. कुही हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. भात, कापूस आणि मिरची ही या बाजूची पिके; पूर्वेस वैनगंगा. विसाव्या शतकाच्या आरंभापासून नागपूर ते नागभीड धावणारी छोटी गाडी या भागाला शहराशी जोडीत असे. तीही २०१९ साली मार्ग रुंद करण्यासाठी बंद झाली. गोसीखुर्द धरणाचा पाया १९८८ साली बसविला गेला आणि त्याच्या पाण्याखाली या तालुक्यातील अनेक गावे गेली; माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत, नाहीतर थेट नागपुरात पांगली. अशा भागात कॅथॉलिक कुटुंबे थोडी, आणि एकमेकांपासून दूर. कामठीसारखी पलटण येथे नव्हती, नागपूरसारखी रेल्वेची नोकरदार वस्ती नव्हती, वसईसारखी शतकानुशतकांची वाडी-वतने नव्हती. ज्याची मिरची त्या वर्षी बरी उतरली, त्याचा रुपया थाळीत पडतो. नाही उतरली, तर पडत नाही. तरीही मेणबत्ती पेटावी लागते, धर्मशिक्षकाला वेतन द्यावे लागते, विजेचे देयक भरावे लागते, आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर पाहावे लागते. असा संसार आजवर कसा चालत आला, याचा शोध घेण्यासाठी जरा दूरवर जाणे भाग आहे.

महाराष्ट्रातील जुन्या कॅथॉलिक वस्तीत, म्हणजे वसई आणि साष्टीत, देवळाचा खर्च प्रथम राजाच्या तिजोरीतून होई. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे आली. पाद्रोआदोच्या व्यवस्थेप्रमाणे धर्मगुरूंचे वेतन राज्याच्या महसुलातून मिळे, आणि धर्मसंघांस गावांची उत्पन्ने लावून दिलेली असत. व्यवस्था सोयीची खरी, पण तिचा जीव राज्याच्या जिवात अडकलेला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि त्या तिजोरीचा आधार एका मोसमात नाहीसा झाला. युरोपीय संघगुरू निघून गेले. गोव्याकडील देशी धर्मगुरूंनी आणि शेती-मासेमारी करणाऱ्या सामान्य लोकांनी मागे राहिलेली देवळे सांभाळली. आमच्या मते महाराष्ट्रातील कॅथॉलिक धर्मग्रामांच्या जमाखर्चाचा खरा इतिहास येथून सुरू होतो, कारण ज्याचे देऊळ त्यानेच ते राखावे ही पाळी तेव्हा पहिल्यांदा आली.

त्या देवळांचे द्रव्य ज्या मंडळाकडे असे, त्यास फाब्रीक म्हणत. हा शब्द आमच्या विदर्भात रुळला नाही. मुंबईकडील वृद्धांच्या तोंडी मात्र तो ऐकू येई. फाब्रीकेत प्रापंचिक गृहस्थ असत, आणि ही काही हिंदुस्थानात काढलेली नवी टूम नव्हती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ साली आपल्या बाविसाव्या सत्रात असे ठरविले होते की देवळाच्या द्रव्याची व्यवस्था पाहणारा मग तो धर्मगुरू असो वा प्रापंचिक, त्याने दरवर्षी बिशपांस हिशेब द्यावा. म्हणजे सामान्य गृहस्थाच्या हाती देवळाची किल्ली असू शकते हेही तेथे गृहीत आहे, आणि किल्ली ज्याच्या हाती त्याने वही दाखविली पाहिजे हेही.

किल्ली आणि वही यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचा दाखला मुंबईत मिळतो. १७२० साली इंग्रज सरकारने गोव्याच्या अधिकाराखालील फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस बेटाबाहेर काढून कार्मेल संघाच्या धर्मगुरूंस बोलाविले. पुढे पक्ष पडले, आणि १७९४ साली बेटावरील देवळे दोन अधिकारांत वाटली गेली. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल देवळातील पुष्कळ लोकांनी गोव्याच्या पक्षाकडे जाण्याचे ठरविले, तेव्हा कापुचिन बिशप अनास्तासियुस हार्टमान आपल्या माणसांसह देवळात जाऊन बसले, आणि बाहेरून त्यांना कित्येक दिवस वेढा पडला. एकाच वेदीपुढे बाप्तिस्मा घेतलेले लोक दाराच्या दोन बाजूंना उभे! शेवटी ते देऊळ गोव्याच्या पक्षाकडेच गेले. १८८६ च्या करारानंतर हे भांडण निवळू लागले, आणि १९२८ च्या करारानंतर दुहेरी अधिकार संपला. यात धर्मसिद्धान्ताचा वाद तसूभरही नव्हता. देऊळ कोणी बांधले, त्यावर अधिकार कोणाचा आणि त्याचे द्रव्य कोणाच्या हाती, एवढाच प्रश्न होता. आणि त्यावर शंभराहून अधिक वर्षे गेली.

आमच्या नागपूर प्रांताची कथा निराळी आहे. सवॉय प्रांतातील अन्सी नगरात फादर पियेर मारी मेर्मिये यांनी १८३८ साली संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने धर्मप्रसारकांचा संघ स्थापिला. त्यांचे पहिले धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणच्या बाजूस उतरले, आणि त्यांचे कार्य कामठी-नागपूरपर्यंत पोहोचले. कामठीची छावणी १८२१ सालची. तेथे मद्रासी पलटणी आणि त्यांच्यासोबत आलेली कॅथॉलिक कुटुंबे होती, पुढे आयरिश शिपाई आले. छावणीच्या देवळाला शिपायाच्या पगारातून वर्गणी मिळे आणि पलटणीची सेवा करणाऱ्या धर्मगुरूस सरकारकडून काही भत्ता मिळे. पण पलटण हलली की वर्गणीही हले. १८८७ साली नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप आलेक्सिस रिकाझ हे त्याचे पहिले अधिपती झाले. त्या धर्मप्रांताचा विस्तार एवढा होता की पुढे त्यातून १९५५ साली अमरावती, आणि अमरावतीतून १९७७ साली औरंगाबाद असे धर्मप्रांत निघाले. तेवढ्या मुलुखातील खेड्यांचा भार उचलण्यास छावणीची वर्गणी पुरणे शक्यच नव्हते.

ती उणीव भरून निघाली ती बहुतांशी युरोपातील गरिबांच्या पैशाने. फ्रान्समधील लियाँ शहरात पोलीन जारिको नावाच्या कुमारिकेने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे, अशी वर्गणी सुरू केली. दहा जणांमागे एक गोळा करणारा, अशा दहा दशकांमागे दुसरा, अशा शंभरांच्या दहा गटांमागे तिसरा. रेशमाच्या कारखान्यांतील कामकरी बायांपासून आरंभ झालेल्या या योजनेतून १८२२ साली धर्मप्रसार संस्था उभी राहिली, आणि पुढे जगभरच्या मिशनांस तिने पोसले. १९२२ साली पोपमहाराजांनी ती रोमला नेऊन आपल्या छत्राखाली घेतली. ऑक्टोबरातील मिशन रविवारी आपण जी वर्गणी देतो, ती १९२६ साली ठरली, आणि तिचे मूळ त्या एका सूत आहे. परंतु त्याच बाईच्या आयुष्याचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. कामकऱ्यांसाठी एक आदर्श कारखाना उभारावा म्हणून तिने भलत्या माणसांवर विश्वास टाकला. त्यांनी पैसा बुडविला, आणि ज्या लहान लोकांनी तिच्या भरवशावर रकमा दिल्या होत्या त्यांची देणी फेडण्यात तिची उरलेली वर्षे गेली. १८६२ साली ती दारिद्र्यात वारली. २०२२ साली तिला धन्यवादित घोषित करण्यात आले. दहा जणांत एक गोळा करणारा नेमण्याची तिची रीत निर्दोष होती. जेथे तिने ती रीत सोडून एकट्याच्या शब्दावर भिस्त ठेवली, तेथे घात झाला.

परदेशी ओघ केव्हा आटेल याचा नेम नसतो. पहिल्या महायुद्धात पुणे-मुंबईकडील जर्मन जेसुइट धर्मगुरू स्थानबद्ध झाले किंवा मायदेशी पाठविले गेले. चालती मिशने एकाएकी ओस पडली. त्याच युद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ साली, वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी कॅथॉलिक सहकारी पतपेढी काढली. सावकाराच्या व्याजातून शेतकऱ्याची सुटका करणे हा तिचा हेतू. आज ती बेसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून मोठ्या विस्ताराने चालू आहे. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्याच्या घरी व्याज थकले आहे, त्याच्याकडे देवळासाठी हात पसरणे व्यर्थ होय. आधी शेतकऱ्याची पत उभी करावी, मग देऊळ आपोआप उभे राहते, हे वसईकरांनी ओळखले. आमच्या बाजूस असा प्रयत्न वेळेवर झाला असता तर बरे झाले असते.

१९५१ साली बिशप यूजीन डिसूझा नागपूरच्या गादीवर आले; ते या धर्मप्रांताचे पहिले भारतीय बिशप, आणि १९५३ साली पहिले आर्चबिशप. धर्मप्रांताचा कारभार देशी हाती येत गेला तसा खर्चाचा भारही देशी खांद्यावर आला. १९७६ साली परदेशी देणग्यांविषयी कायदा झाला, २०१० साली तो नव्याने झाला, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून अशी प्रत्येक रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेतच उतरावी लागते. लहान खेड्याच्या देवळाने तिकडे डोळे लावून बसण्याचे दिवस गेले.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या संहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असे ठरविले. कुटुंबे दहा असोत की हजार, सूट नाही. प्रत्येक मिस्साच्या दक्षिणेची स्वतंत्र नोंद, एका दक्षिणेस एक मिस्सा, गुड फ्रायडेची वर्गणी पवित्र भूमीसाठी, जूनअखेरीची पोपमहाराजांसाठी. या रकमा थाळीतून आल्या तरी आपल्या नव्हेत, त्या जशाच्या तशा पुढे पाठवावयाच्या. आणि ज्या कारणासाठी दान मिळाले त्याच कारणी ते लागले पाहिजे, हे त्या संहितेचे कलम १२६७ सांगते. आम्ही पूर्वी ज्या गावी राहात होतो, तेथील एक गोष्ट या कलमावाचून समजणार नाही. छपराच्या पत्र्यांसाठी वर्षभर पैसा जमला होता. सणाच्या आठवड्यात बँडवाल्यांस आणि मांडवास तो वापरला गेला. नंतर भरून काढू, असे ठरले. खजिनदार प्रामाणिक होता. एक दमडी त्याच्या घरी गेली नाही. परंतु जुलैमध्ये वेदीवर पाणी गळू लागले, तेव्हा ज्या म्हातारीने कोंबड्या विकून पत्र्यासाठी पैसे दिले होते तिने विचारले, "माझा पत्रा कुठं हाय, बापा?" कोणाला उत्तर देता येईना. दोन घरे देवळात येईनाशी झाली, ती पुष्कळ वर्षे आली नाहीत.

म्हणून आमच्या वहीत छपराचे खाते निराळे, सणाचे निराळे, आणि धर्मशिक्षकाच्या वेतनाचे निराळे ठेविले आहे. थाळी दोघांनी मोजावी, दोघांनी सही करावी, तिसऱ्याने बँकेत भरावी, असा क्रम आहे. मोजणारे दर तीन महिन्यांनी बदलतात. त्यामुळे थोडी कुरकूर होते, ती आम्ही ऐकून घेतो. संहितेचे कलम १२८७ लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब लोकांसही द्यावा असे म्हणते. त्यानुसार मार्चअखेरचा जमाखर्च या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापला असून तिच्या छपाईचा खर्चही त्यातच दाखविला आहे. कोणास शंका असल्यास रविवारच्या मिस्सानंतर मूळ वही देवळाच्या पडवीत पाहावयास मिळेल.